तेल्हाऱ्यात न दाखवलेला शेवट

काल तुमच्या तेरवीला जाऊन आले. जेवून आले म्हणणं खोटं होईल, पानावर बसून आले. बाबांनी अमरावतीहून निरोप पाठवला होता की जाऊ नको. शेजारच्या काकूंनीही तेच सांगितलं. तुम्हाला विचारायची सोय राहिली नव्हती, आणि असती तरी तुमचं उत्तर मला पाठ आहे. "पोळा होऊ दे, मंग पाहू." यंदाचा पोळा तुम्ही दवाखान्याच्या खाटेवर काढलात आणि मग पाहायला काही थांबला नाहीत.

लिहायला बसले की मी पुण्याची होते, असं तुम्ही चिडवायचात. शाळेत शुद्ध आणि चुलीपाशी वऱ्हाडी, एका तिकिटात दोन बाया मिळाल्या म्हणायचात. चिडवा. आज मधे तोंड घालणारं कोणी नाही, म्हणून मी पुष्कळ बोलणार आहे. आपला एक वाद अर्धा राहिला होता. काल तो संपला, आणि तुमच्या बाजूनं संपला, हे सांगायला बसले आहे. पण ओळीनं सांगते, कारण मधलं काही गाळलं की काय होतं ते आपल्या दोघांइतकं कोणाला ठाऊक नाही.

गावाहून तुमचे भाऊ, महादेवभाऊ, अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही गेलेले होतात. कावीळ डोक्यात चढली, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंनी सरकीचा ट्रक आणला होता, तुम्हाला गावी न्यायला. आपल्याच शेतात अग्नी द्यायचा, ही तुमच्या घराची रीत. मी पिशवी भरून तयार होते. तुमचं धुतलेलं धोतर, चष्मा, तपकिरीची डबी. भाऊ माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि जमिनीकडं पाहत म्हणाले, "बाई, तुमी नका येऊ. गावात सगळ्याईले मालूम हाये का पुंडलिकचं लगन झालं नाई."

वाईट माणूस नाही तो. आवाज चढवला नाही, उलट हात जोडले. वहिनी म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती, त्या दिवशीही मारली नाही. ट्रक अकोटच्या रस्त्याला लागला आणि मी पिशवी घेऊन दवाखान्याच्या फाटकात उभी राहिले. मग घरी आले आणि चष्मा खुंटीला अडकवला, जिथं तुम्ही अडकवायचात तिथंच.

त्याच दिवशी ठरवलं की तेरवीला जायचं. तुमच्या मायला तोंडानं सांगायचं की मी तुमची बायको. तुम्ही पोळ्यावर ढकलत राहिलात ते काम निदान मी करायचं. गावानं मला ओळखावं, शेतात वाटा द्यावा, असलं काही मनात नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईच्या कानावर एक वाक्य पडावं, एवढंच होतं. सिनेमावरून आपण भांडायचो ते तरी याहून वेगळं काय होतं.

आपला सिनेमा. त्याचं खरं नाव आपल्या घरात कधी कोणी घेतलं नाही. लढाईच्या आधीचा जुना बोलपट, देशमुखाचा पोरगा आणि नदीपलीकडच्या अस्पृश्य वस्तीतली पोरगी. मी तो अमरावतीला पाहिला, शाळेत होते तेव्हा, बाबांबरोबर. मी बायकांच्या बाकांवर आणि बाबा पुरुषांकडं. ती पोरगी देवळाच्या पायरीखाली बसून गाणं म्हणायला लागली तेव्हा बाबांचं नाक ओढणं मला तिथून ऐकू आलं. पुढं गाव देशमुखाचं घर वाळीत टाकतं, देशमुख अंथरूण धरतो, आणि ही पोरगी एक अक्षर न बोलता नदीत चालत जाते. मग काठावर तिचं मढं. मग तो देशमुख काठी टेकत येतो, ओंजळीत नदीचं पाणी घेतो आणि तिच्या तोंडात घालतो. सगळं थेटर हुंदके देत होतं. मी इतकी रडले की बाबांनी मला बाहेर फुटाणे घेऊन दिले आणि तरी मी गप्प झाले नाही.

तुम्ही तो पाहिलात तेल्हाऱ्याकडं, तुमच्या गावच्या जत्रेत, फिरत्या टॉकीजच्या तंबूत. पौषातली थंडी, अंगावर घोंगडं, पडद्याच्या अलीकडं पुरुष आणि पलीकडं बाया, बायांना सगळी अक्षरं उलटी दिसायची. हे सगळं तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता मीच तिथं जाऊन आल्यासारखं वाटतं. आणि तुमच्या सिनेमाचा शेवट काय, तर पोरगा आणि पोरगी नावेत बसून निघतात. पोराला वल्हवता येत नाही, नाव जागच्या जागी गोल फिरते आणि पोरगी हसते. बत्ती लागते. लोक घोंगडी झटकून उठतात.

अमरावतीला मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये आपली ओळख झाली. तुम्ही पहिल्यांदा मनातलं बोललात तेही याच सिनेमाच्या आडोशानं. आपणही तसंच नावेत बसून जाऊ, म्हणालात. मला वाटलं, किती मोठ्या धीराचा माणूस आहे, शेवट माहीत असून म्हणतो. मी विचारलं, "कायले, बुडाले?" तुम्हाला कळेचना. मग जे भांडण लागलं ते मास्तर वर्गात येईपर्यंत. मी म्हणाले ती मरते, मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही म्हणालात, मीही डोळ्यांनीच पाहिलं, काही नाकानं नाही. वर तुमचा आरोप असा की मी रडून रडून बाकावर झोपले असेन आणि उरलेला सिनेमा स्वप्नात पाहिला असेन. तो सिनेमा काही अमरावतीत पुन्हा आला नाही, त्यामुळं दोघंही खरे राहिलो.

खरं सांगू, मला तुमचा शेवट आवडायला लागला होता. मी वरवर भांडायचे, पण एखाद्या माणसाला हसणारी पोरगीच आठवावी आणि मेलेली नाही, यात मला त्या माणसाबद्दल फार काही कळलं होतं. तुमच्याशी लग्न करावं असं वाटलं ते त्यामुळं.

लग्नाचं ऐकून बाबा तुमच्यावर नाही, माझ्यावर चिडले. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली होती आणि घरातले देव बाबांनी स्वतःच्या हातानं नेऊन नदीत सोडले होते. ते म्हणाले, "त्याईच्या देवाच्या पायरीवरून आत्ता कुठी उठलो आपण. तू काहून त्याईच्या उंबऱ्यावर जाऊन बसतं?" तुम्ही दारात उभे होतात आणि ऐकत होतात. तुम्ही म्हणालात, उंबऱ्यावर नाही, घर नवंच करू. बाबांना ते पटलं नाही, पण त्यांनी तुम्हाला आत बोलावून चहा दिला आणि तुम्ही तो पिताना ते तुमच्या हाताकडं पाहत राहिले. पुढं रजिस्टर लग्नाला ते आले. उखाणा नाही, अक्षता नाहीत, कचेरीतल्या पंख्याखाली सह्या. मला उखाणा घ्यायची फार हौस होती हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. सुधारलेल्या माणसांत तसं बोलायची लाज वाटायची.

मग अकोला. मास्तर झालात तर बदली तुमच्याच मुलखात होईल म्हणून तुम्ही कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत लागलात, आणि मी शाळेत. संध्याकाळी तुम्ही घरी यायचात तेव्हा भुवयांवर कापसाची म्हातारी बसलेली असायची आणि मी म्हणायचे, आलं आमचं पांढरं सोनं. खोली मिळवताना तुमचं आडनाव पुढं करायचं आणि माझ्या माहेरचं विचारलं की अमरावती एवढंच सांगायचं, हे आपलं ठरलेलं होतं. एका घरमालकिणीला ते पुरलं नाही आणि आपण ऐन उन्हात बिऱ्हाड हलवलं. तेव्हा गाडीवर पाटा-वरवंटा ठेवताना तुम्ही मला हसवलंत ते कशानं हे आता आठवत नाही. हसले होते एवढं आठवतं. मूल झालं नाही. त्याचं दुःख आपण वाटून घेतलं, पण सारखं वाटलं नाही, जास्त तुमच्याकडं गेलं असं मला वाटायचं.

दर पोळ्याला तुम्ही एकटे गावी जायचात. निघताना म्हणायचात, या वेळी मायला सांगतो. परत आलात की मी तोंडाकडं पाहायचे. "या साली नाई जमलं वं, शेवंते. पुढच्या पोळ्याले." आणि पिशवीतून मायनं फडक्यात बांधून दिलेल्या पुरणपोळ्या काढायचात. भरपूर असायच्या. एकट्या माणसाला इतक्या कोण देतं, असं मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, माय येडीच हाये, तिले अंदाज नाई. आपण त्या दोन दिवस पुरवून खायचो. फडकं मी धुऊन ठेवायचे आणि पुढच्या पोळ्याला तुम्ही ते परत न्यायचात. पोळ्या चांगल्या असायच्या. मला राग यायचा तो असा की पोळी तोंडात असताना यायचा.

या उन्हाळ्यात अकोल्याच्या थेटरात रविवारच्या सकाळच्या खेळाला जुने सिनेमे लावायला लागले आणि एके दिवशी टांग्यातला भोंगा आपल्याच गल्लीतून ओरडत गेला. तुम्ही दाढी अर्धी ठेवून बाहेर धावलात. आता निकाल लागणार, म्हणालात. मला तर लग्नाला निघाल्यासारखं झालं होतं. हिरवं लुगडं नेसले.

तो सिनेमा आता कसा वाटला, यावर आपण नीट बोललोच नाही. तेव्हा भांडणच झालं. आज सांगते. पहिली गोष्ट म्हणजे त्या पोरीच्या तोंडाला काजळी फासली होती आणि गळा तसाच गोरा ठेवला होता. शाळकरी वयात मला ते दिसलं नव्हतं. रंगवणारा हनुवटीपाशी कंटाळला असावा. दुसरं म्हणजे तिच्या झोपडीत कोणी राहतच नाही. आई नाही, भाऊ नाही, भांडण नाही, चुलीवर काही नाही. सगळी वस्ती रिकामी. आमच्या मोहल्ल्यात पाय ठेवायला जागा नसायची. ती कुठं कामाला जात नाही, मोळी विकत नाही, कापूस वेचत नाही. देशमुखाच्या पोरावर प्रेम करणं हेच तिचं काम, आणि तेही खालमानेनं. बोलतो सगळं तो. माणुसकीवर त्याचं भाषण केवढं लांब, मी पदरात तोंड लपवून जांभई दिली आणि तुम्ही मला कोपर मारलंत.

आणि ते देवळाच्या पायरीखालचं गाणं. बाबा ज्यावर रडले होते ते. पुढच्या बाकांवर आमची पोरं बसली होती, दीक्षेनंतर शिकलेली, नोकरीला लागलेली. गाणं दुसऱ्या कडव्यात गेलं आणि एकजण जोरात म्हणाला, "ऊठ वं माय, चाल घरी." सगळी बाकं हसली. मीही हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, जरा दुखावल्यासारखं, जणू तो सिनेमा तुम्हीच काढला होता. मला तुमची कीव आली. ज्यांच्यासाठी तो काढला म्हणतात ते पुढं निघून गेले होते आणि तुम्ही अजून तिथंच, हात धरून उठवायला वाकलेले.

एक मात्र कबूल. ती नाव. पोराला वल्हवता येत नाही आणि ती हसते, ते हसणं कोणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या नटीला खरंच हसू आलं असणार. काजळी फासलेल्या तोंडातून ती बाई तेवढ्यापुरती बाहेर येते. तेवढा तुकडा आजही जुना झालेला नाही. तुम्ही त्याच्यावर जन्मभराची भिस्त ठेवलीत, त्यात तुमची काही फार चूक नव्हती.

नाव फिरली, ती हसली. तुम्ही उठायला लागलात. तुम्हाला वाटलं संपलं. मी तुमचा सदरा धरून खाली बसवलं. पुढचं सगळं तुम्ही पाहिलंत, वाळीत टाकणं, अंथरूण, पाणी, मढं, ओंजळ. माझा निकाल लागला होता, पण जिंकल्यासारखं काही वाटेना. झाडूवाला आला तरी तुम्ही खुर्चीत बसून होतात.

रस्त्यात तुम्हीच उलगडा केलात. जत्रेच्या दिवसांत देवापुढं मढं येऊ द्यायचं नाही, हा तुमच्या गावचा नेम. त्या दिवसांत कोणी मेलं तर गावाच्या मागच्या वाटेनं, गाजावाजा न करता नेतात. पंचांनी तंबूवाल्याला सांगितलं असणार की पडद्यावरही नको, आणि त्यानं नावेपाशी यंत्र बंद केलं असणार. एवढीच गोष्ट. देवाला अपशकुन नको म्हणून एका गावानं एक शेवट गाळला आणि त्या गावचा एक पोरगा तेवढ्यावर विश्वास ठेवून माझ्यापर्यंत आला. तुम्ही हे हसत सांगायला पाहिजे होतं. तुमच्या जागी मी असते तर हसले असते.

मग घरी भांडण. मी म्हणाले, मरायचंच होतं तर मरण्याआधी बोलायचं तरी. देशमुखाच्या दारात उभं राहून एकदा म्हणायचं, मी तुमची सून. मेल्यावर ओंजळभर पाणी घालायला काय लागतं. जिवंतपणी त्याच्या कानावर पडलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं, हो म्हणावं लागलं असतं किंवा हाकलून द्यावं लागलं असतं. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बोलून काय झालं असतं?"

मी सिनेमावरून सरळ तुमच्यावर आले. तुमच्या मायचा विषय काढला, पोळ्याचा काढला. तुम्हाला नावेतला देशमुखाचा पोरगा म्हणाले. वल्हवता येत नाही आणि उतरवतही नाही, असं म्हणाले. तुम्ही उठून बशी विसळायला गेलात. मला वाटलं तुमच्याकडं उत्तर नाही. पुढं मृगाच्या आसपास तुम्हाला अन्न नकोसं झालं, मग डोळे पिवळे झाले, आणि आजाऱ्याशी कोण भांडतं.

तर काल. मोटरीनं तेल्हाऱ्याला उतरले, तिथून तेरवीलाच निघालेल्या एका बैलगाडीत बसले. गाडीतल्या बायांनी विचारलं, तुमी कोण? मी म्हणाले अकोल्याची. त्यांना वाटलं जिनिंगची कोणी. वाटेत तुमचं शेत लागलं. एकीनं बोट दाखवलं, तिथं काळ्या जमिनीत एक आणखी काळा चौकोन होता आणि भोवती कपाशीला पात्या लागल्या होत्या. मी मान वळवून पाहिलं तेवढंच. गाडी थांबवा म्हणायला मी कोण होते.

महादेवभाऊंनी मला अंगणात पाहिलं आणि हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. गोठ्याच्या बाजूच्या पंगतीत, अगदी टोकाला, एक पत्रावळ मांडली. मी पानावर न बसता ओसरीकडं गेले. माय भिंतीला टेकून बसली होती. तुमचंच कपाळ, तुमच्याच भुवया, फक्त कापूस नसलेल्या. मी खाली बसले. पाया पडावं की नाही हे बाबांना विचारायचं राहिलं होतं. पडले नाही. म्हणाले, "माय, मी शेवंता. मी पुंडलिकची बायको."

पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं. उखाण्यात घ्यायचं ते तेरवीत घेतलं. आवाज चांगला निघाला, वर्गात निघतो तसा. आजूबाजूच्या बायांनी ऐकलं, वाढणारीनं ऐकलं. मायनं माझ्याकडं पाहिलं, बरंच पाहिलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही. मग वाढणारीकडं वळून म्हणाली, "त्या बाईले वाढा वं. मोटर चुकन तिची."

बस. पंगत जशी चालली होती तशी चालू राहिली. कोणी हाकललं नाही, कोणी रडलं नाही, कोणाच्या हातून काही सांडलं नाही. मी उठले, गोठ्याकडं जाऊन पानावर बसले. एक पोक्त बाई आली आणि वरण घेता काय म्हणाली. मी हो म्हणाले. तिनं वाढलं, वरून, हात उंच धरून.

निघाले तेव्हा महादेवभाऊ सडकेपर्यंत आले. दोन पावलं पुढं चालत होते. शेताच्या कोपऱ्यावर थांबले आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच बोलले, "त्यानं सांगतलं होतं मायले. रजिस्टर झालं, त्याच पोळ्याले. माह्यासमोर. माय म्हणे, मले काई आयकू आलं नाई. दर साली सांगे तो. दर साली माय म्हणे, आयकू आलं नाई, अन् पोळ्या बांधून दे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? भाऊ म्हणाले, ते मले काय ठाव. मग मोटर आली.

मोटरीत मी रडले नाही. मला तुमचा इतका राग आला होता की शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली. दर पोळ्याला तुम्ही शेवटापर्यंत पाहून यायचात आणि घरी येऊन माझ्यापुढं नावेपाशी यंत्र बंद करायचात. पुढच्या पोळ्याले, म्हणायचात. मी तुम्हाला भित्रा समजले आणि तुम्ही समजू दिलंत. मला वाटायचं, तुम्ही अर्धा सिनेमा पाहिलाय आणि मी पूर्ण. पडद्याच्या उलट्या बाजूला बसलेली मीच होते. घरातली जत्रा चालू आहे तोवर मढं आत येऊ द्यायचं नाही, हा गावचा नेम तुम्ही अकोल्यापर्यंत पाळलात. उपकार म्हणू की काय म्हणू, मला कळत नाही. मला खरं कळलं असतं तर मी गावी जाऊन तमाशा केला असता, हेही खरं आहे, आणि त्यातूनही काही निघालं नसतं हे मला कालपासून माहीत आहे.

तेव्हा तुम्ही जिंकलात. बोलून काय झालं असतं, तुम्ही विचारलं होतं. काही होत नाही. मी बोलले, नाव घेऊन बोलले, आणि वरण वाढलं गेलं. देशमुखानं निदान ओंजळ तरी केली. हे कबूल करायला मी तुमच्यासमोर बसायला हवं होतं, तुम्ही मिशीत हसायला हवं होतं आणि मी बशी आदळायला हवी होती. नुसतं कबूल करून काहीच होत नाही.

आज शाळा होती, जाऊन आले. मुलांना शुद्धलेखन घातलं. घरी येऊन फडताळ आवरलं तर खालच्या कप्प्यात मायचं फडकं निघालं, मागच्या पोळ्याचं, धुऊन घडी केलेलं. यंदा तुमच्याबरोबर जायचं होतं ते. काल न्यायला पाहिजे होतं, घाईत विसरले. आता ते परत न्यायला कोणी नाही.